नावात आय-सेव्हन, अंगात साडेचार वॉट

भाचा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात लॅपटॉप घ्यायला अकोल्यातल्या एका दुकानात गेला आणि तिथूनच त्याने मला फोन लावला. समोर दोन लॅपटॉप होते. एक १६ मिलिमीटरचा, हातात घेतल्यावर मोह पडावा असा. दुसरा २३ मिलिमीटरचा, थोडा बोजड. प्रोसेसर दोन्हींत एकच, ग्राफिक्सची चिप एकच, रॅम आणि एसएसडीही तेवढीच. किमतीतही फारसा फरक नव्हता. "मामा, दुकानदार म्हणतोय आतला माल सेम आहे, मग जाडा कशाला घेतोस?"

दुकानदार खोटं बोलत नव्हता. माल सेमच होता. फक्त त्या मालाला किती वीज प्यायची मुभा आहे, हे चिपेच्या नावात कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठरतं चिप ज्या डब्यात बसवली आहे त्या डब्यावर, आणि डबा जितका पातळ तितकी ही मुभा कमी.

हे पटावं म्हणून मी त्याला इंटेलच्या सातव्या पिढीतल्या, म्हणजे २०१६-१७ सालच्या, तीन चिपांची गोष्ट सांगितली. तिन्हींच्या नावात आय-सेव्हन. पहिली ७वाय७५, तिला नेमून दिलेली वीज साडेचार वॉट. दुसरी ७५००यू, तिला १५ वॉट. तिसरी ७७००एचक्यू, तिला ४५ वॉट. म्हणजे पहिलीच्या दहापट. आता त्यांचा कमाल वेग पाहा, ज्याला टर्बो म्हणतात. पहिलीचा ३.६ गिगाहर्ट्झ, दुसरीचा ३.५, तिसरीचा ३.८. साडेचार वॉटवाली चक्क १५ वॉटवालीच्या पुढे! खोक्यावर छापायला हाच आकडा सोयीचा. पण त्याच्याशेजारी आणखी एक आकडा असतो, बेस वेग, म्हणजे नेमून दिलेल्या विजेत चिप दमादमाने किती वेळही धरून ठेवू शकेल तो वेग. तो अनुक्रमे १.३, २.७ आणि २.८. शिवाय तिसरीला चार कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार मेंदू, पहिल्या दोघींना दोनच.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. गंमत म्हणजे त्याआधीच्या पिढीपर्यंत या साडेचार वॉटवाल्या घराण्याचं नाव 'कोअर एम' असं वेगळं होतं. २०१६ मध्ये त्यातल्या वरच्या दोन चिपांना आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन अशी मोठ्या घरची नावं देण्यात आली. एसरने हीच ७वाय७५ आपल्या २०१८च्या स्विफ्ट ७ मध्ये बसवली. तो लॅपटॉप ८.९८ मिलिमीटर जाडीचा होता आणि जगातला सर्वांत पातळ म्हणून मिरवला गेला. त्यात पंखा नव्हता. पंख्याला जागाच नव्हती.

पण ती चिप टाकाऊ नव्हती, हेही सांगायला हवं. वेब पान उघडणं, फाइल उघडणं, पत्र टाइप करणं ही कामं सेकंद-दोन सेकंदांच्या धावेची असतात. तेवढ्यापुरती ती ३.६ गिगाहर्ट्झला जाते, काम उरकते आणि परत शांत बसते. अडचण होते ती काम दोन सेकंदांत न संपता वीस मिनिटं चाललं तर. भाच्याचं रेंडरिंग, म्हणजे इमारतीच्या आराखड्यावरून हुबेहूब चित्र बनवून घेणं, दोन-दोन तास चालतं.

आता वॉटचं कोडं सोडवू. चिपेत जेवढी वीज जाते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती कुठे साठत नाही, गणितं करण्यात 'खर्ची' पडत नाही. १५ वॉट आत गेले की १५ वॉटची ऊब बाहेर. १५ वॉट म्हणजे किती? जुन्या घरांत रात्री जळणारा झिरोचा बल्ब आठवा. नावाला झिरो, पण तो साधारण तेवढीच वीज खायचा. हात लावला की चटका बसायचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांकडे असते ती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते आणि तिच्या टोकावर कथील वितळतं. ती आग एवढीशा टोकातून बाहेर पडते म्हणून एवढी तापते. लॅपटॉपच्या चिपेचं क्षेत्रफळही नखाएवढंच, फार तर दोन नखांएवढं. त्यातून ३० वॉट, ६० वॉट बाहेर पडायचे, तेही तुमच्या बोटांपासून काही मिलिमीटरवर.

मग वेग थोडा कमी करून वीज वाचवता येत नाही का? येते, आणि भरपूर वाचते. पातळ लॅपटॉप मुळात शक्य झाला तो याच सवलतीमुळे. चिपेचा वेग वाढवायचा तर नुसती टिकटिक वाढवून भागत नाही, व्होल्टेजही चढवावं लागतं. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही एकत्र धरले तर वरच्या टप्प्यात खर्च ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढतो. वेग २० टक्के वाढवलात तर खर्च सुमारे पावणेदोन पट. उलट वेग २० टक्के उतरवलात तर खर्च निम्मा! मोटरसायकलवाल्यांना हा हिशेब माहीत आहे. हायवेवर साठने जाणारा माणूस ऐंशीवर गेला की वाऱ्याशी झुंजण्यात पेट्रोल कसं संपतं ते काटा सांगतो. हवेच्या विरोधात लागणारी ताकदही वेगाच्या घनानेच वाढते.

म्हणून १५ वॉटचा लॅपटॉप ४५ वॉटच्या लॅपटॉपच्या तुलनेत एक तृतीयांश वेगाचा नसतो, त्यापेक्षा पुष्कळ बरा असतो. शेवटचा थोडासा वेग मिळवायला अर्धी वीज जाते, आणि पातळ लॅपटॉप त्या शेवटच्या तुकड्यावर पाणी सोडतो. मला वाटतं, बहुतेक लोकांसाठी हा सौदा चांगला आहे. माझं भांडण फक्त एवढंच, की सौदा झालाय हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

टर्बो थोडाच वेळ का टिकतो, याचं उत्तर बादलीत आहे. वरून नळ सोडलाय, बादलीच्या तळाला भोक आहे. नळ म्हणजे चिप, पाणी म्हणजे उष्णता, भोक म्हणजे पंखा आणि त्याच्यासमोरची, हवेला उष्णता देणारी धातूची जाळी. बादली म्हणजे चिपेवर बसवलेलं तांबं आणि भोवतीचं ॲल्युमिनियम. नळ मोठा सोडला तरी सुरुवातीला काहीच बिघडत नाही, कारण बादली रिकामी असते. भरली की मात्र नळ भोकाएवढा बारीक करावाच लागतो.

आकडे घालून पाहू. समजा चिपेवर १०० ग्रॅम तांबं आहे. एवढं तांबं एका अंशाने तापवायला साधारण ३९ ज्यूल लागतात. (एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल.) चिप ६० वॉट खातेय, पंखा २५ वॉट बाहेर फेकतोय, म्हणजे दर सेकंदाला ३५ ज्यूल शिल्लक राहतात. तांबं सेकंदाला जवळजवळ एक अंश या दराने तापत जाईल. ५० अंशांवरून ९५ अंशांवर जायला मिनिटही लागणार नाही. प्रत्यक्षात तापमान चढलं की बाहेर फेकण्याचा दरही वाढतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही, पण अंदाज यायला पुरे. लॅपटॉप बनवणारेही टर्बोची मुदत अशीच ठरवतात. इंटेलच्या लॅपटॉपांत ती अनेकदा २८ सेकंदांची असते. दुकानात चालवून दाखवलेली छोटी चाचणी एवढ्यात आटोपते. बादली भरायच्या आत निकाल लागतो आणि दोन्ही लॅपटॉप सारखेच वेगवान वाटतात.

पातळ लॅपटॉपची बादलीही लहान आणि भोकही लहान. भोक लहान का होतं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे.

चिपेपासून जाळीपर्यंत उष्णता वाहून नेते ती हीट पाइप, म्हणजे दोन्ही टोकं बंद केलेली तांब्याची नळी. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. मोदक उकडताना पातेल्यात जे होतं तेच नळीत होतं. खाली पाण्याची वाफ होते, ती वर जाते, झाकणाला लागून परत पाणी होते आणि पाणी होताना सगळी ऊब तिथे सोडून देते. (वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का लागतो, त्याचं कारण हेच.) नळीच्या आतल्या भिंतीला बारीक सच्छिद्र अस्तर असतं. गार टोकाला झालेलं पाणी त्यातून वातीत तेल चढावं तसं परत गरम टोकाकडे येतं. ही नळी मूळची गोल. पातळ लॅपटॉपमध्ये घालण्यासाठी ती दाबून चपटी करतात. जितकी चपटी कराल तितकी आत वाफेला जायला वाट कमी आणि अस्तरालाही जागा कमी, म्हणून तिची वाहून न्यायची ताकद घटते.

पंख्याचं दुखणं वेगळंच. ३० वॉट उष्णता हवेबरोबर बाहेर काढायची आणि हवा ३० अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला जवळपास पाऊण ते एक लिटर हवा लागते. पाण्याची एक लिटरची बाटली दर सेकंदाला रिकामी होतेय अशी कल्पना करा, आणि तेवढी हवा चार-पाच मिलिमीटर उंचीच्या फटीतून जायची. पाती बुटकी असल्यामुळे तेवढी हवा ढकलायला पंखा फार वेगाने फिरवावा लागतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला तो दुपटीहून अधिक मोठा वाटतो. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात. मोठ्या पात्यांचा पंखा संथ फिरतो, घोंघावतो आणि खोली भरून हवा देतो. तेवढीच हवा वीतभर पंख्याकडून हवी असेल तर तो किंचाळेल. लॅपटॉपचं तेच. त्यात हवा खालून ओढायची असते, आणि बूड टेबलापासून दोन-तीन मिलिमीटरच वर असतं. असुसने २०१७ मध्ये झेफायरस नावाचा १७.९ मिलिमीटरचा गेमिंग लॅपटॉप काढला. त्यात झाकण उघडलं की मागचं बूड आपोआप खाली झुकून फट मोठी होई. इतकी धडपड कशासाठी, तर हवेला वाट मिळावी म्हणून.

पण बऱ्याचदा अडवणूक चिप करतही नाही, तुमची कातडी करते. चिप १०० अंशांपर्यंत तग धरते. तुमचं मनगट आणि मांडी पंचेचाळिशीच्या आतच कुरकुरायला लागतात, आणि धातूचं अंग असेल तर तेच तापमान प्लास्टिकपेक्षा जास्त भाजतं. जाड लॅपटॉपमध्ये गरम भाग आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये हवेचा थर असतो, तो गोधडीसारखा काम करतो. पातळात तो थर कागदाएवढा उरतो. म्हणून चिप ७५ अंशांवर असतानाच लॅपटॉप तिला आवरतं घ्यायला लावतो, नाहीतर कीबोर्डला हात लावता यायचा नाही. लॅपटॉप तासन्‌तास मांडीवर ठेवल्याने त्वचेवर लालसर-तपकिरी जाळीदार डाग उमटल्याच्या नोंदी डॉक्टरांच्या नियतकालिकांत आहेत. पूर्वी असे डाग शेगडीला चिकटून बसणाऱ्यांना पडत. काही कंपन्या तर 'लॅप'टॉपऐवजी 'नोटबुक' म्हणतात!

आता अकोल्याकडे येऊ, कारण भाचा अकोल्यात राहतो आणि लॅपटॉपच्या चाचण्या सहसा २२ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. ॲपल आपल्या लॅपटॉपांसाठी १० ते ३५ अंश हवामान सांगते. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, जळगाव इथे पारा सहज ४३च्या वर जातो. घरात कूलर बंद असला की ३५च्या वरच असतं.

पंखा नसलेला १४ इंची लॅपटॉप घ्या. त्याची कीबोर्डची बाजू साधारण ३१ बाय २२ सेंटिमीटर. नुसत्या उघड्या पृष्ठभागातून हवेत उष्णता जाते ती दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, साधारण १० वॉट. पृष्ठभाग ४२ अंशांपर्यंत तापू द्यायचा ठरवला आणि खोली २५ अंशांची असली, तर फरक १७ अंशांचा. गुणाकार केला की साडेअकरा वॉटच्या आसपास येतात. खालची बाजू टेबलाला टेकलेली, तिचा उपयोग थोडाच. आता तीच खोली ३६ अंशांची धरा. फरक उरला सहा अंशांचा. निघाले चार वॉट. दोन तृतीयांश ताकद खोलीनेच खाल्ली.

पंखावाल्या लॅपटॉपचं इतकं वाईट होत नाही. त्याच्या आतली जाळी समजा ७० अंशांवर असते. २५च्या खोलीत फरक ४५ अंशांचा, ३६च्या खोलीत ३४चा. नुकसान चौथ्या हिश्श्याचं. जो भाग तुम्ही हात लावत नाही तो मनसोक्त तापू देता येतो, म्हणून पंखा उन्हाळ्यात टिकतो. परदेशातला समीक्षक 'पंखा नसलेला, अतिशय शांत, कुठेच अडत नाही' असं लिहितो तेव्हा तो त्याच्या खोलीपुरतं खरं लिहीत असतो. मी पुण्यात डिसेंबरात एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ आणि मे महिन्यात आईकडे अकोल्याला बसून केलेला व्हिडिओ, लॅपटॉप तोच, पण दुसऱ्या वेळी मी मधल्या काळात आंघोळ करून आलो तरी पट्टी सरकतच होती.

पातळपणाचं हे वेड सुरू कधी झालं याची तारीखही सांगता येते. १५ जानेवारी २००८, सॅन फ्रान्सिस्को. मॅकवर्ल्ड या प्रदर्शनाच्या मंचावर ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने टपालाच्या खाकी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. कडेला ४ मिलिमीटर, मागच्या बाजूला १९.४. (पाचरीसारखा आकार देऊन कडेची जाडी सांगायची, ही युक्तीही तिथूनच रूढ झाली.) वजन १.३६ किलो. त्यासाठी काय काय सोडलं त्याची यादी लांब होती. सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह नाही, नेटवर्क केबलची खाच नाही, यूएसबी एकच, बॅटरी स्वतः बदलता येत नाही, आणि मूळ मॉडेलमध्ये ८० जीबीची १.८ इंची हार्ड डिस्क, मिनिटाला ४२०० फेऱ्यांची, म्हणजे खिशातल्या आयपॉडच्या जातीची. लोक हसले, आणि मग सगळ्यांनीच तसं करायला घेतलं. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हे नाव काढलं आणि अट घातली, पडदा १४ इंचांपेक्षा लहान असेल तर जाडी १८ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

ताण तुटेपर्यंत ओढला गेला तो पुढच्या दशकात. २०१५चा १२ इंची मॅकबुक १३.१ मिलिमीटरचा, पंखा नाही, चार्जिंगसह सगळ्याला मिळून एकच यूएसबी-सी. त्याच्या कीबोर्डमधली कळ दाबली की साधारण अर्धा मिलिमीटरच खाली जायची. 'बटरफ्लाय' नावाची ती रचना पुढे ॲपलच्या इतर लॅपटॉपांतही आली. धुळीचा एक कण गेला तरी कळ अडके, किंवा एकदा दाबून अक्षर दोनदा उमटे. २०१८ मध्ये ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९च्या अखेरीस एक मिलिमीटर खाली जाणारी जुनी रचना परत आली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. अर्ध्या मिलिमीटरची किंमत.

२०१८चा जुलै उष्णतेच्या बाबतीत गाजला. १५.५ मिलिमीटरच्या मॅकबुक प्रोमध्ये सहा कोरची आय-नाइन चिप आली. एका यूट्यूबरने दाखवलं की व्हिडिओ एक्सपोर्ट करताना ती आधीच्या वर्षीच्या आय-सेव्हनपेक्षाही मागे पडते, आणि लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवला की तेच काम भराभर होतं. ॲपलने काही दिवसांतच, तापमान सांभाळणाऱ्या प्रणालीत एक डिजिटल किल्ली राहून गेली होती असं सांगून सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवली. दुरुस्तीनंतर सुधारणा झाली, पण फ्रीझरचा धडा लोकांच्या लक्षात राहिला.

मग २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलची स्वतःची एम-वन चिप आली आणि हिशेबच थोडा हलला. १० वॉटच्या आसपास चालणारी चिप, पंखा नसलेल्या एअरमध्ये आणि पंखा असलेल्या प्रोमध्ये तीच. पहिली काही मिनिटं दोघांत फरक सापडत नाही. सलग भार दिला की एअर हळूहळू मागे पडतो. भौतिकशास्त्र बदललं नव्हतं, चिपेची भूक कमी झाली होती. मला सर्वांत बोलकी वाटते ती त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. २०२१ मध्ये इतकी काटकसरी चिप हातात असूनही ॲपलने १६ इंची प्रो आणखी पातळ केला नाही. तो १६.२ मिलिमीटरवरून १६.८ वर गेला, थोडा जडही झाला, आणि एचडीएमआय आणि एसडी कार्डाची खाच परत आली. ज्या कंपनीने लिफाफा उघडला तिनेच तो परत थोडा सैल केला.

बॅटरीचं गणित सोपं आहे. साठवण आकारमानावर ठरते, त्यामुळे पातळ म्हणजे कमी. २००८च्या एअरमध्ये ३७ वॉट-अवर होते, म्हणजे ३७ वॉट तासभर पुरवण्याएवढी वीज. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणारी मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणून मोठमोठे लॅपटॉपही तिथेच थांबतात. पातळ डब्यात एक जास्तीचा धोका असतो. या पिशवीसारख्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होताना फुगतात, आणि गरम जागी, कायम १०० टक्के भरलेल्या ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात. जाड डब्यात फुगायला थोडी मोकळीक असते. पातळात ती थेट टचपॅडला वर ढकलते. टचपॅडचं क्लिक अचानक कडक झालं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. वापर थांबवा आणि दुरुस्तीला न्या.

बाकीच्या गोष्टी चटकन. नेटवर्कची खाच गेली कारण तिचं प्लगच आठ मिलिमीटर उंच. जुनं यूएसबी साडेचार मिलिमीटरचं, यूएसबी-सी २.४चं, म्हणून सगळीकडे तेच. कॅमेरा वाईट असतो कारण झाकणात लेन्सला खोलीच नसते, फोनच्या निम्मीही नाही. आणि रॅम आतल्या सर्किटच्या पाटीवर डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. यात जाडीबरोबर वीजबचतीचंही कारण आहे. कमी विजेवर चालणारी रॅम चिपेच्या अगदी जवळ लागते. इंटेलने २०२४च्या लूनर लेक चिपांत तर रॅम चिपेच्याच पाकिटात घातली, १६ किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. म्हणून पातळ लॅपटॉप घेताना रॅम पुढच्या पाच वर्षांचा विचार करून घ्यावी लागते. इथे काटकसर केली तर दुरुस्तीला वाव नाही.

एक गोष्ट मात्र लोक सर्रास गोंधळतात. पातळ आणि हलका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्याला वजन कळतं, जाडी कळत नाही. एलजीचा २०१९चा ग्राम १७ पाहा. जाडी १७.८ मिलिमीटर, फुशारकी मारण्याजोगी मुळीच नाही. पण पडदा १७ इंची, बॅटरी ७२ वॉट-अवर, आणि वजन १.३४ किलो, म्हणजे २००८च्या १३ इंची एअरपेक्षा किंचित कमीच. ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरून हे साधलं. झाकण थोडं वाकतं, एवढंच. पुण्याहून अकोल्याला रात्रभर ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या माणसाला १३ आणि १७ मिलिमीटरमधला फरक बॅगेत शोधूनही सापडणार नाही.

भाच्यापुढचे दोन लॅपटॉप यात कुठे बसतात? त्यांत होती कोअर अल्ट्रा ७ १५५एच. तिची नेमलेली वीज इंटेल २८ वॉट सांगते आणि कमाल ११५. चौपट मोठी ही पट्टी आहे, आणि तिच्यावर कुठे थांबायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ग्राफिक्स होतं आरटीएक्स ४०५०. त्या चिपेसाठी एनव्हिडिया स्वतःच ३५ ते ११५ वॉट असं लिहिते. नाव एकच, आणि एका टोकाला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वीज. रेंडरिंग करणाऱ्या मुलाला प्रोसेसरच्या नावापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि तो दुकानातल्या पाटीवर सहसा नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर, ग्राफिक्सच्या ओळीत, बारीक अक्षरांत सापडतो. समीक्षा वाचायची तर अर्ध्या तासाच्या सलग चाचणीनंतर किती वॉट टिकले ते लिहिणाऱ्याची वाचावी. पहिल्या फेरीचा गुण सांगून थांबणाऱ्याची वाचून उपयोग नाही.

दुकानात उभ्या उभ्या हे सगळं करता येत नाही. तिथे एसी २२ वर असतो आणि अर्धा तास रेंडरिंग कोणी चालवू देत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे जाहिरात पोचत नाही, ती म्हणजे चार्जर. चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा, वॉट आले. लॅपटॉपच्या आत सलग किती वीज जाऊ शकते याची ती वरची हद्द. पडदा, चार्जिंग, बाकी सगळं वजा जाता उरलं ते प्रोसेसर आणि ग्राफिक्सने वाटून घ्यायचं. ज्या कंपनीने उष्णता बाहेर काढायची सोय केलेली नाही ती मोठा चार्जर देण्याच्या फंदात पडत नाही, कारण त्यालाही पैसे लागतात.

मी त्याला म्हटलं, दोन्ही खोकी उघडायला सांग आणि चार्जर उलटे करून फोटो पाठव. दहा मिनिटांनी फोटो आले. पातळवाल्यावर २० व्होल्ट, ५ अँपिअर. जाड्यावर २० व्होल्ट, १० अँपिअर. खाली भाच्याचा मेसेज होता, "जाडा घेतोय. पण मामा, दुकानदार विचारतोय, हे चार्जरचे फोटो कशाला?"